दोष आराखड्याचा, बोल बाईला

साठेक वर्षांपूर्वी मराठी घरात स्कूटर आली, तर ती कोण चालवणार हे ठरवायची गरज पडत नसे. घरातला पुरुष चालवी आणि बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असे, ‘बायकांना स्कूटर झेपत नाही.’ ते उत्तर अगदीच खोटे नव्हते. शंभर किलोच्या आसपासची गाडी स्टँडवरून उतरवायची, सुरू होईना तर एका अंगावर कलवायची, मग किक मारायची. पहिल्या किकला गाडी सुरू झाली तर नशीब. शिवाय डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही सांभाळायचे. साडी नेसून, चपला घालून हे सगळे करणे खरोखरच अवघड होते.

मग १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली. वजनाला हलकी, गिअर नाही, पेडल मारून सुरू होणारी. पुढे ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली. तिलाही गिअर नव्हते आणि बटण दाबले की ती सुरू होत असे. पाहता पाहता शिक्षिका, बँकेतल्या नोकरदार, परिचारिका, कॉलेजातल्या मुली आपापल्या गाडीवरून फिरू लागल्या. पुण्याला दुचाकीवरच्या बायकांचे शहर म्हणून जी ओळख मिळाली, तिच्या मागे शिक्षण आहे, सुधारकांची परंपरा आहे, हे खरेच. पण त्यात या दोन गाड्यांचा वाटा मोठा आहे, असे आम्हांला ठामपणे वाटते. त्या दहा-पंधरा वर्षांत मराठी बायकांच्या पायांतली ताकद वाढलेली नव्हती. बदलले होते ते यंत्र. जी बाईची मर्यादा म्हणून सांगितली जात होती, ती किकच्या दांड्याची मर्यादा होती. आणि महत्त्वाचे असे की, या गाड्या काही केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या नव्हत्या. गुडघे दुखणारे आजोबाही त्यांच्यावर बसून बाजारात जाऊ लागले.

दुचाकीच्या बाबतीत आपल्या कायद्यानेही स्त्रीचा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला आच्छादन असलेच पाहिजे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. पदर चाकात अडकून होणारे अपघात पाहता हा नियम मोलाचा आहे. तरी त्यातून एक गोष्ट दिसतेच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी बाई होती, ती मागच्या सीटवर होती.

रोजच्या वापरातल्या वस्तू आणि जागा अशाच कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून घडतात. त्यामागे बहुतेक वेळा दुष्टावा नसतो. आराखडा काढणारा ‘माणूस’ गृहीत धरतो, आणि तो माणूस साधारणपणे त्याच्यासारखाच असतो. मग त्या मापात जी बसत नाही, तिला आपणच कमी पडतो असे वाटत राहते. इथे हानी केवळ गैरसोयीची नाही, ती जीवावरही बेतते. मोटारीच्या अपघात-चाचणीत वापरल्या जाणाऱ्या पुतळ्याचे उदाहरण जगभर दिले जाते आणि ते दिलेच पाहिजे. १९७६ मध्ये अमेरिकेत तयार झालेला आणि पुढे अनेक देशांत प्रमाण मानला गेलेला पुतळा सरासरी पुरुषाचा, साधारण १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा. ‘स्त्री’ म्हणून पुढे जो वापरात आला, तो बहुतांशी याच पुरुषाला लहान करून बनवलेला, जेमतेम दीड मीटर उंचीचा. स्त्रीचे स्नायू, मानेची ठेवण, कंबरेचे हाड, पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून पुढे सरकवलेली सीट, यांतले काहीच त्यात नीट उतरत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासून झालेल्या एका अभ्यासात, पट्टा लावलेल्या स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच परिस्थितीतल्या पुरुष चालकापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळली. सरासरी स्त्रीच्या शरीरावर बेतलेला, १६२ सेंटिमीटर उंचीचा पुतळा स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे ठेवला तो २०२२ मध्ये. मधली पंचेचाळीसहून अधिक वर्षे स्त्रिया गाड्या चालवतच होत्या.

औषधांचेही तसेच. झोल्पिडेम हे झोपेचे औषध वर्षानुवर्षे स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत दिले जात होते. ते स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवतानाही त्याचा अंमल राहू शकतो, हे पुढे आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची शिफारस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली.

ही उदाहरणे दूरची वाटतील. म्हणून अगदी जवळचे, घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला रोज भेटणारे उदाहरण घेऊ. सार्वजनिक स्वच्छतागृहाचे.

कोणत्याही नाट्यगृहात मध्यंतराला जाऊन पाहावे. पुरुषांच्या दारापुढे चार-दोन माणसे, बायकांच्या दारापुढे वळण घेऊन जिन्यापर्यंत गेलेली रांग. घंटा होते, पडदा वर जातो, तरी ती रांग संपलेली नसते. यावर ‘बायकांना वेळ लागतो’ असे म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात ही रांग नकाशातच आखलेली असते. आर्किटेक्टने दोघांना समान जागा दिलेली असते आणि समान जागा दिली म्हणजे न्याय झाला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. समजा, एका खोलीत दारे असलेले सहा संडास बसतात. तेवढ्याच खोलीत पुरुषांसाठी तीन संडास आणि सहा मुताऱ्या सहज मावतात. म्हणजे एका वेळी सहा बायका आणि नऊ पुरुष. आता वेळ पाहा. बाईला दार लावायचे असते, कडी धड नसेल तर एका हाताने दार धरायचे असते, साडी किंवा सलवार सावरायची असते, पर्स टांगायला खुंटी नसते, पाळी चालू असेल तर पॅड बदलायचा असतो, बरोबर लहान मूल किंवा म्हातारी सासू असते. तिला पुरुषाच्या दीडपट ते दुप्पट वेळ लागतो, असे धरले तर त्याच खोलीतून पुरुषांच्या निम्म्यापेक्षाही कमी बायका बाहेर पडतात. गर्दी एकदम लोटली की हा फरक आणखी फुगतो, कारण मागून येणारी प्रत्येक बाई आधी साचलेल्या रांगेच्या शेवटी उभी राहते. न्यूयॉर्क शहराने २००५ मध्ये कायदा करून नव्या नाट्यगृहांत, सभागृहांत, मद्यगृहांत स्त्रियांसाठी दुप्पट सोय सक्तीची केली, ती याच हिशोबावर. क्षेत्रफळाची समानता ही समानता नव्हे. थांबावे लागण्याच्या वेळेची समानता हवी.

नाट्यगृहातली रांग ही सुखवस्तू तक्रार झाली. रस्त्यावर ज्यांचे पोट आहे, त्या बायकांना तर रांग लावायलाही जागा नसते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने अनेक संस्था एकत्र आल्या, तेव्हा त्यांनी पुढे आणलेली साधी गोष्ट अशी होती की, पुरुषांना मुतारी फुकट मिळते आणि बाईला त्याच कामासाठी पैसे मोजावे लागतात. भाजी विकणारी, फुले विकणारी, कचरा वेचणारी बाई दिवसातून तीन-चारदा जाणार असेल तर तिच्या कमाईतला डोळ्यांत भरण्याजोगा भाग तिथेच जाई. त्यावर तिने काढलेला उपाय सर्वांना माहीत आहे. ती पाणीच पीत नाही. मूत्रमार्गाचे संसर्ग, मूतखडे, उन्हात चक्कर, हे सगळे त्या न प्यालेल्या पाण्याचे देणे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला तो ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने. १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या या मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला. रस्त्यांवर, सार्वजनिक जागी स्त्रियांसाठी पुरेशी, स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे देणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे आणि ते घटनेच्या २१ व्या कलमातल्या सन्मानाने जगण्याच्या हक्काशी जोडलेले आहे, असे न्यायालयाने म्हटले. एका मासिकाने महापालिकेच्या बांधकाम खात्याला घटना दाखवावी, ही मराठी पत्रकारितेला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्यानंतर काही ठिकाणी कामे झाली. पण महामार्गावरच्या, बसस्थानकावरच्या, कचेरीच्या मागच्या कुलूपबंद दारांची संख्या पाहिली की निकालाची वाट अजून लांब आहे हे कळते.

साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत रुजू झाल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी आणली, तेव्हा आपण सर्वांनी कौतुक केले. त्या ज्या काळात इंजिनात उभ्या राहिल्या त्या काळातल्या इंजिनांत स्वच्छतागृह नव्हते. इंजिनांत ती बसवायला अलीकडच्या काळात सुरुवात झाली. इतकी वर्षे पुरुष चालकांचेही हालच झाले, हे विसरता कामा नये. पण पुरुषांनी ते सोसले, कसेतरी निभावले, म्हणून ती उणीव उणीव म्हणून नोंदलीच गेली नाही. स्त्री तिथे आल्यावर ती दिसू लागली.

आराखडा केवळ वस्तूचा किंवा इमारतीचा नसतो. कामाचाही असतो, आणि तो चुकला तर त्याची किंमत किती भयंकर असू शकते हे आपल्याच राज्यात दिसले आहे. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल त्या जोडीच्या नावावर, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. मजुरी टनावर. एक जण कामावर आला नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड दोघांच्या माथी. पहाटेपासून तोडणी, मग तीस-चाळीस किलोपर्यंतची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. राहायला फडाजवळची कोपी. तिथे न्हाणी नाही, संडास नाही, पुरेसे पाणी नाही. या कामाच्या मांडणीत पाळी नाही, गर्भारपण नाही, बाळंतपण नाही, पोटातले दुखणे नाही. ज्या शरीराला यांतले काहीच होत नाही, त्या शरीरासाठी हा हंगाम आखलेला आहे.

याचा परिणाम २०१९ मध्ये राज्यासमोर आला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या बातम्यांनंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. यात कर्करोगाची भीती घालणाऱ्या आणि शस्त्रक्रियेवर कमाई करणाऱ्या डॉक्टरांचा दोष आहे, लहान वयातल्या लग्नांचा आणि लागोपाठच्या बाळंतपणांचा आहे, उपचार न झालेल्या संसर्गांचा आहे. तरी मुळाशी कामाची ती मांडणी आहेच. कामात बसण्यासाठी बाईने स्वतःच्या शरीराचा अवयव काढून टाकावा, इथवर ती मांडणी गेली. खाड्याचा दंड रद्द करणे, स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर देणे, फडावर पाणी आणि आडोशाची सोय करणे यांत तंत्रज्ञानाचा काही मोठा प्रश्न नाही. ठरवण्याचा प्रश्न आहे.

उसाच्या फडातून इतर शिवारात आले तरी हीच कथा जरा सौम्य रूपात दिसते. नांगरणी, पेरणी, मळणी ही कामे पुरुषांच्या हातची होती. तिथे ट्रॅक्टर आला, पेरणी यंत्र आले, मळणी यंत्र आले. खुरपणी, भातलावणी, कापूस वेचणी ही कामे बायकांची, आणि ती आजही बव्हंशी खुरप्याने किंवा नुसत्या हातांनी, उकिडवे बसून किंवा कंबरेत वाकून चालतात. जी अवजारे दोघांनी वापरायची म्हणून आली, त्यांची मापेही सरासरी पुरुषाची. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आणि पुरुषाची १६५ च्या आसपास. ओढण्या-ढकलण्याची ताकद शेतमजूर स्त्रियांत सरासरीने पुरुषांच्या दोन तृतीयांशाजवळ भरते, असे भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या मोजमापांतून पुढे आले. म्हणजे सायकल कोळप्याचा दांडा तिच्याहून तेरा सेंटिमीटरने उंच माणसासाठी बेतला असेल, तर बाईचे खांदे दिवसभर वर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान धरते. स्त्रियांच्या शेतीकामाचा खास अभ्यास करण्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९६ मध्ये भुवनेश्वरला वेगळे केंद्र उभे केले. तिथे आणि भोपाळला बाईच्या मुठीत बसणारे विळे, कमी जोर लागणारी कोळपी, सोलण्याची साधने तयार झाली. ती गावच्या दुकानात मात्र सहसा दिसत नाहीत. दुकानदार माल भरतो तो पैसे देणाऱ्याच्या पसंतीने, आणि अवजार घ्यायला बाजारात जातो तो पुरुष. शिवाय तणनियंत्रणाला खरे यंत्र आले की ते चालवायला पुरुष उभा राहतो आणि खुरपणाऱ्या बाईचा रोज बुडतो. म्हणून हलके अवजार बनवले की काम संपले, असे मानता येत नाही. ते कुणाच्या नावावर, कुणाच्या हातात जाते हेही पाहावे लागते.

मग निदान स्वयंपाकघर तरी बाईच्या मापाचे असेल, अशी अपेक्षा असते. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचे वजन जवळपास तेवढेच. अशी तीस किलोची वस्तू ओट्याखाली सरकवणे, बाहेर ओढणे हे काम घरोघरी बहुतेक वेळा बाईच करते. गेल्या काही वर्षांत हलक्या, कमी गॅसच्या टाक्या आल्या, हे स्वागतार्ह आहे. पण ओट्याची उंची आजही बिल्डरच्या एका ठरावीक आकड्यावर येते आणि वरच्या फडताळापर्यंत हात पोचावा म्हणून स्टूल ठेवावे लागते. स्वयंपाक करणारीला विचारून ओटा बांधला, असे किती घरांत घडले असेल?

वेळेचे आराखडेही असतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. हा वेळ घालवणारी बाई घरातून थेट कामावर आणि कामावरून थेट घरी अशी जात नाही. वाटेत पाळणाघर, शाळा, दळण, भाजी, दवाखाना असतो. छोटे छोटे टप्पे, हातात पिशव्या, कडेवर मूल, आणि बरेचसे भर दुपारी. आपल्या बसचे वेळापत्रक मात्र सकाळ-संध्याकाळच्या नोकरीवर बेतलेले असते, आणि दुपारी फेऱ्या विरळ होतात. एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आणि बायकांनी बस भरून गेल्या. प्रवासाची गरज किती दबून राहिली होती, याचा तो पुरावा आहे. आता उंच पायरी, बसस्थानकावरचे बंद स्वच्छतागृह आणि संध्याकाळी लवकर सुटून जाणारी शेवटची गाडी यांच्याकडे वळायला हवे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. सगळ्या बायका सारख्या नसतात, बुटके पुरुषही असतात, मग स्त्रियांसाठी वेगळे कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. सरासरी पुरुषाच्या जागी सरासरी स्त्री बसवून काही साधणार नाही, आणि वस्तूला गुलाबी रंग देऊन किंमत वाढवणे तर त्याहून वाईट. मागणी इतकीच आहे की माप एकाच शरीरावरून घेऊ नये. उंची कमी-जास्त करता येणारा दांडा, खालच्या पातळीवरची बस, दोन उंचींवरचे हँडल यांचा लाभ बुटक्या पुरुषाला, म्हाताऱ्याला, शाळकरी मुलालाही मिळतो. १९९० च्या दशकात व्हिएन्ना शहराच्या लक्षात आले की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात, कारण एकच मोठे मोकळे मैदान असले की ते फुटबॉल खेळणारी मुले व्यापतात. त्यांनी काही बागांत मैदानाचे भाग पाडले, पायवाटा आखल्या, वेगवेगळ्या खेळांची सोय केली, आणि मुली परतल्या. कुणाला हाकलावे लागले नाही. आपल्या गावच्या मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी सोडली तर मुलींसाठी काय आहे, हे प्रत्येक नगरसेविकेने पाहायला हवे.

नगरसेविका म्हणायचे कारण असे की महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सत्तेत वाटा आला, पण नकाशा अजून बांधकाम खात्याच्या टेबलावरच ठरतो आणि सभेपुढे येतो तो मंजुरीपुरता. तो आधीच मागवून घ्यावा. शाळा, बाजार, बसस्थानक, नाट्यगृह, कोणत्याही बांधकामाच्या निविदेत वापरणाऱ्या स्त्री-पुरुषांची वेगवेगळी मोजणी आणि तिच्यावरून काढलेली सोयींची संख्या मागावी. शेवटचा हिशोब चुकता करण्याआधी सहा महिने वापर होऊ द्यावा. मग गर्दीच्या वेळी दोन माणसे घड्याळ घेऊन दोन्ही दारांपुढे उभी करावीत, कोणाला किती थांबावे लागते ते टिपावे, आणि बायकांना जास्त थांबावे लागत असेल तर वाढीव दारे होईपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे बिल आणि आर्किटेक्टचे उरलेले शुल्क रोखून धरावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो.